पंखा हळू केल्यावर

बुधवार, संध्याकाळ

कॉम्प्युटरचा आवाज आज एकदाचा घालवला. कॅबिनेटचा पंखा तीन पिनांचा आणि सेटिंग चार पिनांचं, म्हणून तो सदा पूर्ण वेगाने फिरत होता. सेटिंग बदललं. पन्नास अंशांपर्यंत वेग कमीत कमी ठेवला. तापमान ठीक. इतकं सोपं होतं, तर वर्षभर का सहन केलं?

आवाज गेला आणि भिंतीपलीकडून स्वयंपाकघरातली आई ऐकू आली. मावशीशी फोनवर बोलत होती. "तिने पुण्याची नोकरी घेतलीन तर अडवणार नाही मी. पण घर खायला उठेल गो मला. तिला यातलं बोलू नकोस."

मला मात्र आठवडाभर एकच सांगते आहे, "जा हो, मला काय होतंय?" मी ते खरं धरलं. ते सोयीचंही होतं.

पंखा पुन्हा वाढवावा का? खरंच तो विचार आला. मग उठून आत गेले. फोन ठेवून आई कोळंबी सोलत होती.

"तुझी गिरणी आज गप्प कशी गो?"

"दुरुस्त केली. मघाशीच."

तिचा हात थांबला. किती ऐकलंस, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"नोकरी घेते, पण महिन्यातले पंधरा दिवस इथून काम करू द्या, असं कळवते त्यांना," मी म्हटलं. ते हो म्हणतील का, माहीत नाही.

"माझ्यासाठी नको हां."

"कोळंबीसाठी."

"मग सोलायला बस," आई म्हणाली आणि अर्धी कोळंबी माझ्याकडे सरकवली.