पाणघोड्याच्या बगलेतली शिवण

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. मी फोन करत नाही म्हणून रुसू नका. फोन असतो दुकानातल्या कापायच्या टेबलावर. यांच्या हातात कात्री असली की हे स्पीकर लावतात, आणि मग आपलं बोलणं काजं-बटणं करणाऱ्या बाईपासून समोरच्या सूटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या कानांवर जातं. त्यापेक्षा पाकीट बरं. तुमचे दादा कितीही तिरसट असले तरी दुसऱ्याच्या नावाचं पाकीट त्यांनी जन्मात फोडलेलं नाही.

तर विषय असा. या महिनाअखेर आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील. तीस वर्षांत मी यांच्याकडे काही मागितलं नाही असं नाही. पुष्कळ मागितलं, मिळालं नाही एवढंच. या वेळी मागितलं ते तुमच्या थीम पार्कमधल्या हॉटेलातलं जेवण. दर ऐकून यांनी गळ्यातली टेप काढून खाली ठेवली. म्हणाले की एका माणसाच्या ताटाला तीन पँटींची शिलाई पडते, आणि त्या ताटाला खिसेसुद्धा नाहीत.

मला जेवणाचं कौतुक नाही हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्या हॉटेलच्या लाँड्रीत आहात, आमच्या लेकाला, ठोंब्याला, तिथं तुम्हीच चिकटवलंत, आणि आता लिहिता की तो पाणघोड्याचा वेष घालून जेवणाऱ्यांच्या टेबलांपाशी फिरतो आणि पोरं त्याच्या पोटाला मिठ्या मारतात. वाचून आधी हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. दोन वर्षं होत आली. हा म्हणाला की मशीनवर बसणार नाही, मला नाचायचंय. हे म्हणाले की पुन्हा तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. तो तिथं आहे हे यांना कळलं, तर हे त्या रस्त्यालाही फिरकणार नाहीत. मला या बापलेकांना एकदा एका छपराखाली बघायचंय, वन्सं. त्यातला एक पाणघोडा असला तरी चालेल.

तेव्हा खरं सांगा, ते जेवण पैशांच्या लायकीचं आहे का? हे उलटतपासणी घेणार, मला उत्तरं पाठ हवीत. भाच्याच्या पोटाकडे लक्ष ठेवा, म्हणजे आतल्या.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेली,
वहिनी

८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. जेवणाबद्दल मला विचारलंस ते बरं केलंस. वाढपी खोटं बोलतील, आचारी तर बोलतीलच, पण टेबलक्लॉथ कधी खोटं बोलत नाही. माणसं जे चवीनं खातात तेच सांडतात. टोमॅटो सूपचे डाग माझ्याकडे रोज ढिगानं येतात, म्हणजे सूप चांगलं. लिंबाच्या केकचे डाग लहान मुलांच्या बाजूलाही आणि म्हाताऱ्यांच्या बाजूलाही. भाजलेल्या बटाट्यांचं तेल तर निघता निघत नाही. माशांचा डाग मात्र मी अजून पाहिला नाही, त्यामुळे माशांच्या वाटेला जाऊ नका. घ्याल तितकं घ्या अशी पद्धत आहे. एकंदरीत दर जरा जास्तच आहे. अर्धे पैसे जेवणाचे आणि अर्धे त्या प्राण्यांचे, असं समज.

ठोंब्या बरा आहे. वेष घातला की बोलायचं नाही हा इथला कडक नियम. पाणघोडा बोलला तर पोरं रडतात म्हणे. मी त्याला विचारलं की बाबा रे, इतकी कामं असताना हेच का धरलंस. तर म्हणतो की बाबांनी तोंड दाखवू नकोस सांगितलं ना, मग तोंड झाकायचीच नोकरी धरली. हसत सांगत होता, पण हसणं काही फार वेळ टिकलं नाही. तुझी आठवण रोज काढतो. बाबांची काढत नाही, आणि त्यावरूनच मला सगळं कळतं.

आता दादाचं. तू आग्रह केलास की तो कधीच यायचा नाही. त्याला नको म्हणावं लागतं. आमच्या आईला हे त्याच्या पाचव्या वर्षी कळलं होतं, तुला तीस वर्षांत कसं कळलं नाही? मी त्याला वेगळं पत्र लिहिते. तू फक्त गप्प बस. जमेल का?

तुझ्या हातच्या लोणच्याची आणि तुझी वाट बघणारी,
तुझी नणंद

८ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. वहिनीच्या पत्रावरून कळलं की तिला आमच्या हॉटेलात जेवायचंय. तू नाही म्हणालास हे योग्यच केलंस. ही जागा आपल्यासारख्यांची नव्हे. मागच्या महिन्यात तुमच्या समोरचा सूटवाला सहकुटुंब आला होता. चांगला तीन तास बसला, केक दोनदा घेतला आणि जाताना वाढप्यांना म्हणाला की आमच्या गल्लीत इथं येण्याची ऐपत असलेला दुसरा शिंपी नाही. मला वाईट वाटलं, पण त्यात खोटं काय आहे? तू जिवाला लावून घेऊ नकोस. घरीच काहीतरी गोड करा.

तुझ्या धाकाबरोबर तुझा लोभही मागणारी,
धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. शेवटच्या रविवारी दुपारचं टेबल सांगून ठेवलं आहे. पैसे आगाऊ भरले. तुझी सवलत नको, सवलतीत कापडाचा तुकडा मिळतो, ठाण नव्हे. लायकी आहे की नाही ते मी माझ्या डोळ्यांनी आणि माझ्या पोटानं ठरवीन. सूटवाल्याच्या कोटाची कॉलर उभी राहत नाही, तो काय ऐपतीच्या गोष्टी सांगतो.

तुझी वहिनी दोन दिवस अगदी गप्प आहे. तब्येत बरी नसेल. बाकी ठीक.

आशीर्वाद आहेतच, जपून राहा.
दादा

२ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुम्ही त्या दिवशी लाँड्रीच्या दारातून हात हलवलात तो मी पाहिला, पण उत्तर द्यायला हातच उचलेना. आता सगळं नीट सांगते.

पैसे वसूल करायचे म्हणून यांनी आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बसमध्ये पोटातून आवाज येत होते आणि हे खिडकीबाहेर बघून ते आपले नाहीत असं दाखवत होते. आत गेल्यावर आधी पडद्यांच्या झालरी तपासल्या. मग वाढप्याचा कोट. मग सूप. दोन वाट्या संपल्यावर म्हणाले की पाणी जास्त आहे, आणि तिसरी आणायला उठले. बटाटे, पाव, पुन्हा बटाटे. मासे मी घेऊ दिले नाहीत. दर घासाला शिलाईचा हिशेब चालला होता, आणि दुसऱ्या ताटाशी म्हणाले की दीड पँट वसूल झाली.

मी कुठली जेवतेय? माझं सगळं लक्ष दाराकडे. आधी एक बगळा आला, मग कासव आलं, आणि मग आमचा पाणघोडा. मी त्याला चालीवरून ओळखलं, वन्सं. पोटाचं एवढं गाठोडं पुढे, तरी डावं पाऊल तसंच फेकतो. आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला. मग वळून लांबच्या टेबलांकडे गेला. तिथून परतताना एका मुलीसाठी त्यानं दोन्ही हात वर केले, आणि त्याची डावी बगल फाटून आतला कापूस बाहेर लोंबला.

यांनी काटा खाली ठेवला. उसवलेली शिवण बघून यांना घास गिळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. सरळ उठले. प्राण्यांबरोबर फिरणारी हॉटेलची मुलगी धावत आली, म्हणाली की प्राण्यांना हात लावायचा नाही. हे म्हणाले की मी प्राण्याला लावत नाही, शिवणीला लावतोय, आणि कापूस लोंबणारा पाणघोडा बघून पोरं रडणार नाहीत का, ते तूच सांग. ती बिचारी बाजूला झाली. यांच्या कॉलरच्या आत दोन सुया दोरा ओवून कायम असतातच, एक पांढऱ्या दोऱ्याची आणि एक काळ्या. काळी काढली.

आमच्या दुकानाचा नियम तुम्हाला आठवत असेल. अंगावर टाका घालताना घालणाऱ्यानं हलायचं नाही आणि बोलायचं नाही, नाहीतर सुई टोचते. गिऱ्हाइकांना हे दर वेळी सांगावं लागतं. पाणघोड्याला सांगावं लागलं नाही. तो आपणहून उजेडाकडे वळला, हात वर धरला आणि खांबासारखा उभा राहिला. यांनी एकदा त्याच्या त्या मोठ्या मुंडक्याकडे बघितलं. मग रीतीप्रमाणे डावा हात फटीतून आत घातला, सुई अंगाला लागू नये म्हणून. आणि तो हात तिथंच थांबला.

ठोंब्याचा डावा खांदा जन्मापासून उतरता. शाळेच्या पहिल्या शर्टापासून हे त्या बाजूला थोडी जास्त पट्टी घालत आले. कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. तो खांदा त्यांच्या तळव्याखाली आला होता. आता हे हात काढून घेतील आणि सरळ दाराबाहेर पडतील असं वाटलं.

हात काढला नाही. शिवायला लागले. चार टाक्यांत भागलं असतं, तिथं हे उलटी टीप घालत बसले. एक टाका पुढे, अर्धा मागे, जणू काही सासरी निघालेल्या मुलीचा पोशाख शिवताहेत. पाणघोडा आतून थरथरत होता. पोरांना वाटलं तो नाचतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बोलायचा हुकूम नव्हता आणि यांना बोलायचं नव्हतं, अशी ती जोडी उभी होती. शेवटी यांनी दोरा दातानं तोडला, त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि खुर्चीत येऊन बसले. केक आला तेव्हा खाल्ला नाही. पैशांचा विषयही काढला नाही.

बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले. मी देवाचं नाव घेत होते. घराची गल्ली दिसायला लागली तेव्हा खिडकीकडेच बघत म्हणाले की आत फार उकडत असेल, सदरा पार भिजला होता. एवढंच बोलले. मला धीर वाटतोय आणि भीतीही वाटतेय. सुंभ जळला तरी पीळ जाणारा हा माणूस नव्हे.

तुमचा हात अजून हलताना दिसणारी,
वहिनी

६ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. जेवणाचा अभिप्राय तू मागितला नाहीस, तरी देतो. सूप पातळ. बटाटे उत्तम. माणशी तीन पँटी हा दर अव्वाच्या सव्वा आहे. सूटवाल्याला मी विचारलं, तो आयुष्यात तिथं आलेला नाही. तुझं खोटं बोलणं लहानपणी होतं तसंच कच्चं आहे.

दुसरी गोष्ट. उसवलेल्या शिवणीचे दोरे ओढले गेलेले असतात, टोकं पिंजलेली असतात. त्या बगलेतले टाके एका अंतरानं कात्रीनं सोडवलेले होते. वेष धुवायला तुझ्याच लाँड्रीत येतात, आणि ती कात्री मीच तुला दिलेली. दुसऱ्याच्या शिवणीला अशी कात्री लावणं हा गुन्हा आहे. पुन्हा करू नकोस. या खेपेस बरं केलंस.

बरोबर काही पाठवत नाही. पाठवणार होतो. आतून घालायला पातळ सुताचा, बिनकॉलरचा, घाम ओढून घेईल असा सदरा कापला आहे. माप हातानंच घेतलं होतं. छातीत भरलाय, पण पोटाला लागलेला नाही. तू त्याला काय खायला घालतेस? परंतु हाताच्या मापावर मी सदरा पुरा करत नाही. कच्चा धावदोरा घालून ठेवला आहे. ट्रायल झाल्याशिवाय माझ्या दुकानातून कपडा बाहेर जात नाही, हे त्याला माहीत आहे. तेव्हा त्याला सांग, सुटी मिळेल त्या दिवशी ट्रायलला यावं. मुंडकं घालून येऊ नये म्हणावं. मला तोंड बघायचं आहे.

मशीनचा विषय मी काढणार नाही. नाचतो बरा. पोरं खूश होती.

पत्र वहिनीला दाखवू नकोस, ती रडत बसेल.
दादा

१७ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. यांचं पत्र तुम्ही मला पाठवलंत. मी रडले. झालं समाधान?

ठोंब्या रविवारी आला. दारातच उभा राहिला, आत यावं की नाही असा. हे मशीनवरून उठले नाहीत, मान वर करून त्याच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले की दाढी नीट करत जा, आणि सदरा घेऊन पुढे आले. त्यानं आपणहून हात वर केला. हे टाचण्या तोंडात धरून त्याच्याभोवती फिरले आणि दोघंही नियमाप्रमाणे गप्प. फक्त डोळे चौघांचेही वाहत होते. चौथी काजं-बटणांची बाई, तिला काही कळलं नव्हतं तरी ती आधी रडायला लागली होती.

जेवताना मात्र नुसता गोंगाट. ठोंब्यानं बगळ्याची नक्कल करून दाखवली, तर हे हसताना यांना ठसका लागला. तीन पँटींचं जेवण यापुढे काहीच नव्हतं असं मी म्हटलं. हे म्हणाले की त्या जेवणाला नावं ठेवू नकोस, ते स्वस्तात पडलं.

आता सदऱ्याचं सांगते. तो पहिल्याच खेपेला असा बसला की कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. डाव्या खांद्याची पट्टीसुद्धा बरोबर होती. मी शिंप्याची बायको आहे, मला कळतं. पण यांनी चष्मा वर केला, खाली केला, मान हलवली, आणि माझ्या देखत चांगली बसलेली बाही टराटरा उसवली. म्हणाले की नाही जमली, पुढच्या रविवारी पुन्हा ट्रायलला यावं लागेल.

अशीच आमच्यावर कात्री धरून राहा.

तुमची,
वहिनी