गल्ल्यावरचा नवा देव

अमरावती

प्रिय साडूभाऊ पुंजारामजी यांस उत्तमरावचा कोपरापासून नमस्कार. रुख्मिणीबाईंचे गुडघे, तुमचं फळांचं दुकान आणि तुमचा राग, तिन्हींची तब्येत कशी आहे? तुमच्या खुशीच्या लग्नात ‘तुम्ही दिलेली शाल पातळ आहे’ असं मी चार लोकांत बोललो, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. ती शाल मी जिवापाड जपली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

इकडे माझा पार बाजार उठला. मागच्या सोमवारी दुकान उघडून हार ओवत बसलो होतो, तर गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण आला. (बोलणं असं गोड, की आपल्या सासूबाईंनी आपल्याऐवजी त्यालाच जावई केलं असतं.) म्हणे, फोनवरून पैसे घ्यायचा तुमचा कोड जुना झाला, नवा फुकट लावून देतो. बोहणीच्या वेळी आलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. त्यानं जुन्यावर नवा कोड चिकटवला, आणि पैसे आल्याची बोंब ठोकणारा डबा आठवडाभर गप्प राहील, हेही समजावून सांगितलं. (इतका समजूतदार चोर मी पाहिला नाही.) दुकानात नवी वस्तू आली म्हणून मी कोडाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि त्या भल्या माणसाचाही रीतसर सत्कार केला. मग रोज उदबत्ती. गिऱ्हाईकं पैसे टाकून राहिली आणि मी चोराच्या खात्याची पूजा करून राहिलो!

पकडलं आमच्या सौ. शकुननं. मी घरच्यांनाही गजरा फुकट देत नाही, या रागात तिनं फोनवरून पैसे टाकले, तर नाव आलं स्वप्निल.

“हा कोन होय? तुमच्या गल्ल्यात काहून बसला?”

“अवो, कंपनीचा मानूस हाये.”

“मंग आज त्याच्याच घरी जेवा.”

आठवड्याची कमाई गेली. पोलीस ठाण्यात चोराचा चेहरा विचारला, तर मला त्याच्या गळ्यातला माझा हारच तेवढा आठवला. खरंच लाज वाटते, पुंजारामजी. राग सोडा, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
उत्तमराव

ता. क. चहा पिताना त्यानं विचारलं, अकोल्यात कोणी ओळखीचा दुकानदार आहे का? मी तुमचा पत्ता दिला. ‘मानूस आपला हाये’ अशी चिठ्ठीही दिली. तुमच्या गल्ल्यावरचा कोड आत्ताच्या आत्ता तपासा.

पुन्हा ता. क. तो अजून आला नसेल, तर ओळखणं सोपं आहे. सत्काराच्या वेळी घरात दुसरी शाल नव्हती. रंग तुम्हाला माहीतच आहे. घेताना तोही म्हणाला, “काका, पातळ हाये.”