चॅपेलमध्ये चारच माणसं

३ नोव्हेंबर, सकाळ
वादळ अजून समुद्रात, पण नदीने धक्क्याची दुसरी पायरी गाठली. गाव तीन आसऱ्यांत हलवलंय: चॅपेल, शाळा, स्टेडियम. नाव टाकलं की माणूस कुठे आहे ते कळावं, असा सर्च नगरपालिकेला हवाय. संध्याकाळपर्यंत देतो म्हणालो. ही कामं माझ्या डाव्या हाताची.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
सर्चची यादी तयार होत नाही. नाव आणि वडिलांकडचं आडनाव जुळलं की एकच माणूस धरून गट केले. डेटाबेस म्हणतो, एका गटात दोन-दोन आसरे आहेत, कुठला दाखवू? हट्टी आहे.

४ नोव्हेंबर
सुटलं. आसऱ्यावर मॅक्स लावला: गटातला वर्णक्रमात शेवटचा आसरा घ्यायचा. एरर गायब. यादी १,९४० वरून १,३०२. केवढ्या दुबार नोंदी होत्या! नोंदणीवाली सायदा म्हणाली, "एवेलिओ, आईकडचं आडनावही गटात घे रे. अर्ध्या गावाचं आडनाव सुनिगा आहे." इथे आईकडचं आडनाव कोण वापरतं? शाळेचा दाखला सोडला तर कोणी नाही. तिला म्हटलं, आधी कॉम्प्युटर शिक.
संकल्प: यापुढे शंकांना उत्तर द्यायचं नाही.

५ नोव्हेंबर, दुपार
धक्का दिसेनासा झाला. बस दोनच. सेक्रेटरी विल्मरसाहेबांनी माझ्या यादीवरून ठरवलं: चॅपेल नदीकाठी खरं, पण तिथे चारच माणसं, ती उंचावरच्या स्टेडियमवर चालत येतील. दोन्ही बस शाळेकडे गेल्या. साहेबांनी पाठ थोपटली.  

५ नोव्हेंबर, चार वाजता
आईचा फोन. चॅपेलमध्ये आहे म्हणते, बसायलाही जागा नाही, पाणी दारात आलंय, बस कधी येणार? सर्च केलं. रेइना सुनिगा: स्टेडियम. तिला समजावलं की ती स्टेडियममध्ये आहे. म्हणाली, "लेका, मी कुठे आहे ते मला कळत नाही का?" वय झालं तिचं. बोलता बोलता फोन कटला.

६ नोव्हेंबर, सकाळ
चॅपेलचा रस्ता पाण्याखाली. फोन कोणी उचलत नाही. सायदाने नोंदवही दाखवली. चॅपेल: चारशे अकरा. वहीत चूक असू शकते.
स्टेडियमवर गेलो. रेइना सुनिगा अशी मोठ्याने हाक मारली. तीन बायका उठून उभ्या राहिल्या. तिघींचे चेहरे नीट पाहिले. आई त्यांत नव्हती. तिघींना बसा म्हणालो.