मुराळ्याचा ठराव

औसा, शेतातलं घर
८ ऑगस्ट, शनिवार

चि. लक्ष्मम्मास अव्वाचा आशीर्वाद. जावईबापूंना शरणार्थ सांग. किनवटच्या वसतिगृहातली त्यांची पोरं ऐकतेत का, का अजून जंगलात पळून जातेत?

इकडं सगळं ठीक. म्हैस व्याली, रेडा झाला. सोयाबीन गुडघ्याला लागलंय. माझा पाय जरा दुखतो, ते सोड.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर तू रडायला लागतीस, मग मला शिव्या द्याव्या लागतात, आणि कामाचं ऱ्हाऊन जातं. कागद बिचारा रडत न्हाई. पत्र टाकायच्या आधी तुझी भाची दामिनी वाचणार हाय. ती लातूरला वकिलीचं शिकती, म्हणून माझे वाईट शब्द खोडती आणि "कामकाजातून काढले" म्हणती. हे कामकाज काय, ते ऐक.

तुझ्या भावानं, गुरुबसप्पानं, डिशचा रिचार्ज मारला न्हाई. मालिका बंद, कीर्तन बंद, फुकटातलं तेवढं चालू. त्यात एक लोकसभेचं चॅनेल. मला खुर्चीवरून उठायची मनाई, मग बघत बसले. हिंदीचं काय, माझा बाप निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला, घरात अर्धी बोली तीच होती.

पहिल्या दिवशी वाटलं औशाचा बाजार दाखवून राहिलेत. सगळे एकदम बोलतेत, कागद फडकवतेत, मधल्या मोकळ्या जागेत येऊन ओरडतेत, आणि उंच खुर्चीवर एकटं माणूस "बैठ जाइए, बैठ जाइए" करतंय. मी म्हणलं, हे तर माझंच काम! जल्मभर करून राहिले, बिनपगारी.

दामिनीनं मग नीट समजावलं. सकाळचा पहिला तास प्रश्नांचा. मंत्र्याला विचारायचं, त्यानं उठून उत्तर द्यायचं. मग शून्य प्रहर, म्हणजे ज्याचं जे दुखतंय ते त्यानं तिथं सांगायचं. मग कायदे. आणि एकमेकाशी तोंडाला तोंड लावायचं न्हाई, जे बोलायचं ते खुर्चीकडं बघून. हे मला लई पटलं. गुरु आणि सूनबाई दीपमाला लग्नापासून माझ्याकडं बघूनच भांडतेत. त्यांना काही नवं शिकवायला नको.

मी खुर्चीवर, बाकीचे खाली चटईवर. अध्यक्ष कोण, हे कुणाला विचारायची गरजच पडली न्हाई. सकाळचा चहा झाला की प्रश्नाचा तास. पहिला प्रश्न मीच टाकला, रिचार्ज का मारला न्हाई? गुरु म्हणला, "माहिती गोळा करून सभागृहापुढं ठेवण्यात येईल." बघ, जे शिकायचं न्हाई ते कसं पटकन उचलतं हे (शब्द काढला. दामिनी).

मत घ्यायची रीत अशी. खुर्ची विचारती, बाजूनं असतील त्यांनी हो म्हणा, विरोधात असतील त्यांनी न्हाई म्हणा. ज्याचा आवाज मोठा त्याची जीत. आता तुझा भाऊ बाजारात सोयाबीनची बोली पुकारतो. त्याचं "न्हाई" ऐकून गोठ्यातली म्हैस उठून उभी ऱ्हाती. दीपमालाला नवा कुकर, न्हाईची जीत. दामिनीला मैत्रिणींसोबत विष्णुपुरीचं धरण बघायचं, न्हाईची जीत. अध्यक्षाला मत नसतं, कुणाची बाजू घ्यायची नसती. खरं सांगते, मला ते सोयीचं होतं. घरात शांतता ऱ्हावी म्हणून मी आधीपासून तशीच.

मागच्या रविवारी दामिनीनं ठराव आणला. "पंचमीला आत्याला आणायला मुराळी पाठवावा."

तू हक्कसोडीच्या कागदावर सही करून शेतातला वाटा सोडला न्हाईस, त्या सालापासून ह्या घरातून तुला आणायला कुणी गेलं न्हाई. चार पंचम्या झाल्या. घरात म्हशीचं नाव निघतं, तुझं न्हाई.

गुरु उठला. "अध्यक्ष महोदय, तिला शेत पाहिजे का भाऊ पाहिजे, विचारा तिला."

दामिनी म्हणली, "अध्यक्ष महोदय, लेकीला वाटा द्यायचा कायदा ज्या सभागृहानं केला, तेच सभागृह तुम्ही रोज टीव्हीवर बघता. आत्यानं चोरी केली न्हाई."

"मग त्या दिल्लीवाल्यांनाच पाठवा म्हणावं मुराळी!"

मी मत घेतलं. न्हाई एवढ्या मोठ्यानं आलं की पत्रा वाजला. मी "न्हाईची जीत" म्हणणार, तेवढ्यात दामिनी ओरडली, "मी मतविभाजन मागते!"

हे काय नवं, म्हणलं. तर आवाजावर भरवसा नसला की डोकी मोजायची म्हणे. आधी घंटी वाजवायची, बाहेरच्यांनी पळत यायचं. घंटी थांबली की दारं बंद. आत असंल त्याचंच मत. मी देवाची घंटी मागवली.

तेवढ्यात गुरुचा फोन वाजला. आपल्याकडं रेंज उकिरड्यापाशीच येती, तुला ठाऊक हाय. "आलोच, थांबा," म्हणून गेला. मी घंटी वाजवली. चांगली वाजवली, खोटं बोलत न्हाई. तो तिकडं हात हलवून कुणाला तरी भाव सांगून राहिला. हात दुखला तशी मी थांबले. दीपमाला उठली, पदर सावरला, आणि दाराला आतून कडी लावली.

मग सुरू झालं. "अव्वा! कडी काढ! ही कसली थट्टा?" दारावर लाथा. म्हैस उभी.

मी मोजणी घेतली. दामिनी, हो. अमरेश, न्हाई. ह्या नातवाला बापानं मोटारसायकल कबूल केलीय. दीपमाला म्हणली, "मी कुणाच्याच बाजूची न्हाई. मला ह्यांच्यासोबत नांदायचं हाय." तिनं मत दिलं न्हाई, लक्ष्मे. तिनं नुसती कडी लावली.

एकास एक झालं. दामिनी माझ्याकडं वळली. "आज्जी, समसमान झालं की अध्यक्षाला मत द्यावं लागतं."

आधी सांगायला काय झालं होतं (दोन शब्द काढले. दामिनी). एवढी सालं गप बसायची सवय, आणि सगळं येऊन माझ्याच जिभेवर थांबलं.

अमरेश म्हणला, "आज्जी, अशा वेळी अध्यक्ष जसं चालू हाय तसंच ठेवतो. तशी रीत हाय." पोरगं स्पर्धा परीक्षेचं वाचतंय, काहीतरी डोक्यात जातंय म्हणायचं.

मी म्हणलं, "जसं चालू हाय तसं? बाळा, ह्या मुलखात लेक पंचमीला माहेरी येती, हे तुझ्या पणज्याच्या आधीपासून चालू हाय. बंद तुझ्या बापानं पाडलंय. मी चालू हाय तेच ठेवते. हो."

कडी निघाली. गुरु आत आला, तोंड लालभडक. म्हणला, पुन्हा मत घ्या. दामिनी म्हणली, एकदा निकाल लागलेला विषय त्याच अधिवेशनात परत आणता येत न्हाई. "मग अधिवेशन संपतं कधी?" मी म्हणलं, पंचमी झाल्यावर.

त्यानं सभात्याग केला. जेवायला गोठ्यात बसायला लागला. म्हैस तरी ऐकून घेती त्याचं.

दीपमाला भाकरी थापत होती, तेव्हा मी विचारलं, "कडी का लावलीस गं?" म्हणली, "अव्वा, मलाबी भाऊ हाय. माझीबी सही अजून व्हायची हाय. ह्या घराचं बघून त्यो शिकला तर?" आणि भाकरी उलटली. मी तिला इतकी सालं मुकी समजत होते.

आता पायाचं. आलीस की दिसणारच. जेठात हौदापाशी घसरून पडले, खुबा मोडला. लातूरला नेऊन आत सळई घातली. डॉक्टरनं विचारलं, आज्जी, लेक कुठं असती? मी थट्टेनं म्हणलं, किनवटला, जंगलात वाघ राखती. तुला कळवायचं न्हाई, हा हुकूम माझाच. गुरुला बोल लावू नको. कळलं असतं तर बिनबोलावता धावत आली असतीस. मला तशी नको होती. घरानं बोलवून यावी.

आज सकाळी गुरु उंबऱ्यापाशी येऊन उभा ऱ्हायला. दीपमालाकडं न्हाई, दामिनीकडं न्हाई, सरळ खुर्चीकडं बघून म्हणला, "अध्यक्ष महोदय, नांदेडाहून किनवटला रेल्वे कितीला असती, कुणीतरी सांगावं."

मी म्हणलं, "माहिती गोळा करून सभागृहापुढं ठेवण्यात येईल."

दीपमाला फसकन हसली. मग त्योबी हसला. मी न्हाई हसले. खुर्चीला ते शोभत न्हाई.

तर पंचमीच्या आदल्या दिवशी न्यायला येईल. दारात उभं करू नको, पण लगेच चहाबी देऊ नको. येताना तिकडची चारोळी आण, मोकळ्या हातानं येऊ नको. आणि एक. वाटेत तो हक्कसोडीचं काढंल. सही करू नको. इथं आल्यावरबी करू नको. मी स्वतः म्हणले तरी करू नको. मला गप बसायची सवय हाय, आणि सवय एका मतानं मोडत न्हाई.

दामिनीला खुर्चीचा हुकूम हाय, पुढचा शब्द खोडायचा न्हाई.

ये.

तुझी अव्वा,
गौरम्मा