स्वागत नको, ओटा पाहिजे

धाड,
शुक्रवार

प्रिय उत्तम,

सप्रेम जयभीम.

जीपवाल्याच्या हाती पाठवलेलं हे पाकीट पाहून तुला आधी वाटेल, ग्रामपंचायतीची नोटीस आली. नोटीस नाही, मीच आहे, धाडचा फ्लेक्सवाला पंजाब. फोन तू उचलत नाहीस. दारात आलो तर आतून कडी घालतोस. म्हटलं, पत्राला कडी वाजवावी लागत नाही, ते दाराच्या फटीतून आत जातं. आता आत आलंच आहे तर वाच. चुलीत घालायचं असेल तर वाचून घाल.

बातमी अशी की आपली समता सिनेमा काढतेय. नाचगाण्याचा नाही, माहितीपट. पुण्याच्या कॉलेजातलं तिचं शेवटचं वर्ष, त्याची ही परीक्षाच समज. विषय विचारला तर म्हणाली, "बाबा, लोक वाट पाहत बसतात त्या जागा." मी म्हटलं, माय, हे पाहायला कोण येईल? आपल्याकडे लोक हे जन्मभर फुकटात पाहतात. ती म्हणाली, "तेच तर." शिकलेल्या पोरी 'तेच तर' म्हणाल्या की आपण गप्प बसायचं असतं, एवढं मी शिकलोय. त्यांचा नियम असा की शूटिंगच्या आधी जागा पक्की करायची आणि तिचे फोटो सोमवारी सरांना पाठवायचे. एकच जागा हवी, पण अशी की जिथं माणसं खरोखर रोज येऊन बसतात. सोमवारी जागा नसली तर समताचा सिनेमा रद्द, आणि तिला दुसऱ्या एका पोराच्या सिनेमात छत्री धरून उभं राहावं लागेल. त्या पोराचा विषय पुण्यातली मांजरं. माझी पोरगी मांजरांवर छत्री धरणार, हे मला पटेना. दुकान कारागिरावर सोडलं आणि गाडी काढली.

सोबत तिची मैत्रीण मंजुश्री होती. ती कॅमेरा धरते. पोरगी पुण्याची, पण चांगली आहे. आपल्या बोलण्यावर पहिल्या दिवशी तोंड दाबून हसायची, दुसऱ्या दिवशी स्वतःच 'का?' सोडून "काऊन?" म्हणायला लागली. मोताळ्याकडच्या एका गावात एसटीचा निवारा सापडला. जुना, भिंतीचे पोपडे निघालेले, आत दगडी बाक, बाकावर तीन म्हातारे. एसटी केव्हाच बंद झालेली, पण म्हातारे रोज येतात. समता तर नाचायचीच बाकी होती. मंजुश्री भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "काय टेक्श्चर आहे गं!" घोटाळा तिथंच झाला. सरपंच नारायणराव मागे उभे होते. माझे कान तुला माहीत आहेत. ते बाजूला जाऊन फोनवर कोणाला तरी सांगत होते, "पुण्याची बाई भिंतीले हात लावून पाहून राह्यली. इज्जतीचा प्रश्न हाय. कलर मारा." मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर निवारा गुलाबी. आतून गुलाबी, बाहेरून गुलाबी, बाकही गुलाबी, आणि सगळं ओलं. तिन्ही म्हातारे पांढरे कडक कपडे घालून रस्त्यापलीकडे उन्हात उभे, कारण बसायला जागाच राहिली नव्हती. वर फ्लेक्स. फ्लेक्सवर समताचा फोटो, माझा फोटो, नारायणरावांचा आमच्या दोघांहून मोठा फोटो. फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला! माझ्याच कारागिरानं, मला न विचारता, कारण त्याला वाटलं मालक सरप्राइज पाहून खूश होतील. समता रडवेली झाली. नारायणराव तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुह्या सिनेमात आमचं गाव पोपडे निघालेलं दिसलं तं आमच्या पोराइले सोयरीक कोण देईन?" पोरींना एकेक शाल मिळाली. मार्चच्या उन्हात.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, आता सांगायचंच नाही. धाडच्या बाजारच्या दिवशी जीपच्या स्टॅंडवर न सांगता जायचं. गाडी भरेपर्यंत माणसं तिथं लिंबाखाली बसतात, ही रीत आपल्या लहानपणापासूनची. आपण दोघं एकदा बसल्याबसल्या पावशेर शेंगा संपवल्या होत्या आणि गाडी तरी सुटली नव्हती. मंजुश्रीनं कॅमेरा काढला मात्र, पुष्पाबाई केळेवाली टोपलं घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, मावशी, बसून राहा, बसलेलंच पाहिजे. ती म्हणाली, "हो, बसते! टीव्हीवर पाहून लोक म्हणतीन, हिले कामधंदा नाही." आणि गेली की निघून! तेवढ्यात अविनाशनं जीप चालू केली. आत तीन माणसं. उत्तम, तीन माणसं घेऊन धाडहून जीप सुटलेली तू कधी पाहिलीस? मी खिडकीला लटकलो. तो हळूच म्हणतो, "पंजाबभाऊ, सिनेमात थांबलेली गाडी दाखवू काय? आपली लाइन बदनाम होईन." त्याच्यामागं दुसरी सुटली, तिसरी सुटली. बघता बघता स्टॅंड रिकामा. ज्यांना कुठं जायचं नव्हतं असे दोघं जण त्या गडबडीत बुलढाण्याला पोचले.

एका गावात रेशनच्या दुकानासमोर बाया रांग लावून बसतात म्हणून गेलो, तर त्या म्हणाल्या, थोडं थांबा, आलोच. आल्या त्या लग्नातल्या साड्या नेसून. दुकानदारानं पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्या जणी हात मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे अशा बघत बसल्या की मंजुश्रीला वाटलं आता आपणच नवरदेव आहोत. पुन्हा शाल. वर हार. परत येताना मागच्या सीटवर समता डोळे मिटून पडलेली. म्हणाली, "बाबा, या जिल्ह्यात आपलं स्वागत न करणारा एक तरी माणूस आहे का हो? जो चहा देणार नाही, कपडे बदलणार नाही, उठून उभासुद्धा राहणार नाही?"

मला असं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो माझा मित्र.

मंगळवारी दुपारी दुसरबीडच्या पुढं एक पांढरी गाडी तुझ्या गिरणीसमोर थांबली होती ना, ती आमचीच. तू बनियनवर ओट्यावर बसला होतास. आमच्याकडे पाहिलंस. उठला नाहीस, 'या' म्हणाला नाहीस. मंजुश्री हळूच म्हणाली, "परफेक्ट." मग तू "गिरणी बंद हाय" एवढं ओरडलास आणि आत गेलास. कडी मला गाडीत ऐकू आली. समता उतरून ओट्यापाशी उभी राहिली. बाया बसून बसून ओट्याची कड कशी गुळगुळीत झालीय, फरशीवर डब्यांच्या बुडांचे गोल कसे उमटलेत, ते ती बघत होती. तुझ्या पाटीवरची अक्षरं अजून डावीकडे कलंडलेली आहेत. माझं पहिलं काम. चांगुणावहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, अक्षरंबी तुमच्यासारखीच, चहाकडे झुकलेली." आणि चहा तेव्हा डावीकडेच उकळत होता, हे खरं.

समतानं फोटो काढला नाही. मी म्हटलं, काढ, तो काही पोलिसात जात नाही. ती म्हणाली, न विचारता नाही. वर म्हणाली, बंद गिरणीचा फोटो दाखवून कोणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही, मला दळणाची वाट पाहणाऱ्या बाया पाहिजेत. तिला आठवतं रे सगळं. दिवाळीत तुमच्याकडे राहायला आली की पिठाच्या पोत्यावर झोपायची आणि भुतासारखी पांढरी होऊन उठायची. कोणाचा डबा आधी, कोणाचा नंतर, यावर बाया भांडायला लागल्या की वहिनी तिलाच विचारायच्या आणि ती ज्या डब्यावर बसली असेल तोच आधी दळला जायचा. असा न्याय हायकोर्टात नाही.

निघताना हापशीवर धम्मशीला भेटली, तुझ्या गल्लीतली. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "काकी गेल्या तवापासून आम्ही दळण घेऊन आटोनं दुसरबीडला जातोत. काकाला म्हणावं, दोष नाही देत, पण तिथं कोणी बसू देत नाही. दळलं की उचला म्हणतेत." मग घागर कमरेवर घेता घेता म्हणाली, "काका रोज ओट्यावर येऊन बसतेत. आम्ही तिकडून जातोत तर दुसरीकडे बघतेत."

गाडीत बसलो. माझ्यानं गप्प राहवत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, सोड माय, दुसरी जागा पाहू, तिथं वाट पाहणारं आता कोणी येत नाही. समता म्हणाली, "एक जण येतोच की, बाबा. रोज."

तेव्हापासून तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा त्यात सिनेमाच लिहिला गेला. सिनेमा आहेच, आणि पोरीच्या डोक्यावर सोमवार आहे, ते खोटं नाही. तू हो म्हणालास तर तिचं वर्ष वाचेल. नाही म्हणालास तर ती मांजरांवर छत्री धरेल, मरणार काही नाही. पण मी हे त्यासाठी लिहीत नाही, उत्तम. वहिनी गेल्या, त्यांच्या जलदानविधीला मी आलो, जेवलो, खुर्च्या मोजून गाडीत चढवल्या आणि निघून गेलो. तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं. मंडपातल्या गर्दीत सगळ्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तुझं तेवढं येत नव्हतं. अजूनही काय बोलायचं ते सुचलेलं नाही. म्हणून रविवारी सकाळी मी ज्वारीचा डबा घेऊन येतोय. एकटा. कॅमेरा नाही, पोरी नाहीत. त्या दुसरबीडला थांबतील, तू बोलावलंस तर येतील. गिरणीचा पट्टा चढवलास तर दळून घेईन. नाही चढवलास तर डबा ओट्यावर ठेवून तुझ्या शेजारी बसेन, नंबर लागेपर्यंत. मला घाई नाही. कडी घालायचीच असेल तर बाहेर ये आणि दाराला बाहेरून घाल.

तुझाच,
पंजाब