जोडसिलिंडर कोणाच्या पाठीवर जाईल

गेल्या महिन्यातल्या मृत्युपत्रात ‘दोन्ही पोलादी सिलिंडर मला बाबांनी दिले’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मला एकच दिला. त्याच्या जोडीचा दुसरा बाबांनी दादाच्या लग्नात वहिनीला दिला. ते मृत्युपत्र रद्द समजून हेच शेवटचं धरावं. मी, पाणबुड्याची धाकटी मुलगी, वय सव्वीस, पूर्ण शुद्धीत आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही.

एक. बँकेतली शिल्लक आईची. तिने ती दादाच्या बोटीत घालू नये.

दोन. नट आवळायचे पाने आणि लाकडी हातोडा बाबांना परत. सिलिंडर टांगून हातोडा मारायचा. घंटेसारखा घुमला तर निरोगी, बद्द वाजला तर आत गंज. हे त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं. पाण्यात मात्र दादाला नेलं.

तीन. जोडसिलिंडर. उंची, घेर आणि वय सारखं असल्याशिवाय दोन सिलिंडर नीट जोडता येत नाहीत, म्हणून मला वहिनीकडे जावं लागलं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिने तो फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. “न्या वन्सं. एकटा पडून काय करतोय इथे?” तिने नाही म्हटलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

दोन्हींत खडी घालून, लोळवून गंज काढला. दाबाची चाचणी करून घेतली. पट्ट्यांनी आवळले, वरून नळीने जोडले. त्या नळीवरची मधली चावी बंद केली की एका बाजूला गळती लागली तरी दुसरीकडची हवा वाचते. दादाने पाहिलं आणि वहिनीकडे वळून म्हणाला, “तुझ्या पाठीवर काय शोभेल!” मी खांद्याचे पट्टे माझ्या मापाने शिवून घेतले.

बुडालेल्या मालवाहू बार्जच्या कामावर दादाचा जोडीदार कोण, हे बाबा ठरवणार आहेत. “तीस मीटरवर न घाबरता मधली चावी फिरवून जो पहिला वर येईल, तो.” वहिनी रविवारी उतरणार आहे.

माझ्यामागे दोन्ही सिलिंडरना भोक पाडावं, असं मी आधी लिहिलं होतं. खोडलं. मी मत्सरी आहे, पण चांगलं पोलाद नासवणारी नाही. जोड वहिनीला द्यावा. खांद्याचे पट्टे माझ्या मापाचे आहेत. ते सैल करायला माझी हरकत आहे, मनाई नाही.

चार. एकटीने उतरायचं नाही, हा घरचा दंडक. बाबांच्या कानाचा पडदा फाटलेला. दादा म्हणाला, “तू वर बसून दोरी धर, तेच तुला जमतं.” जोडीला उरली वहिनी.

“तुम्ही आधी गेलात तर काम तुम्हालाच मिळेल,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“मग हवा भरून ठेवा. येते मी.”

मला काही झालं, तर वहिनीने हेव्यापोटी केलं असं कोणी म्हणू नये. हेवा माझा आहे, तिचा नाही. हे लिहून ठेवण्यासाठीच हा सारा खटाटोप.

ज्यांना यातून काही मिळतं, त्यांची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार: हवा भरून देणारे काका (सही)
साक्षीदार: पट्टे शिवणाऱ्या मावशी (सही)

लिहून देणार: मी (सही)
घरचं वर्कशॉप, मंगळवार, १० मार्च २०२६

पाण्यात उतरण्याचा दिवस: शनिवार, १४ मार्च २०२६.