बापाचा तुरा

ती. सौ. आत्या, साष्टांग नमस्कार. (मोहरीच्या ओळीत वाकून वाकून तो हल्ली आपोआपच घडतो.) तुझे गुडघे कसे आहेत?

काल सकाळी मी चिमट्याने बाप निकामी केला आणि माझं आयुष्यच बदललं. घाबरू नकोस, आपले बाबा ठणठणीत असतील. हा बाप मोहरीचा. कॉलेज अर्धवट सोडून मी या बियाणं केंद्रात चिकटलो, ते तुला ठाऊकच आहे. इथे दोन वाणांचं लग्न लावतात. आईला शेंगा भरघोस, पण तेलात नको ते आम्ल फार. बापाचं तेल उत्तम, पण अंगाने मरतुकडा, आणि त्याची दोनच रोपं जगलेली. आईच्या कळ्या उमलण्याआधी उघडून परागकोश उपटायचे, बाकीची फुलं-कळ्या खुडून टाकायची, वर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी बापाचे पराग लावायचे. एवढंच काम.

पण तेल तपासणाऱ्या मॅडम बांधावरून गेल्या (हसल्या की त्यांचा चष्मा नाकावर घसरतो, आत्या, काय सांगू!) आणि मी बघतच राहिलो. हात मात्र इमानेइतबारे चालू, बापाच्या ओळीत! दोन्ही रोपं साफ. केंद्राचे साहेब ओरडले, "अरे, आमचं वर्ष गेलं!" मीही भडकलो, "मग पाटी मोठी लावायची!" (पाटी माझ्या कंबरेएवढी होती.)

मॅडम तडक आत गेल्या. मी मागोमाग, नोकरी सोडतो म्हणून सांगायला. बघतो तर त्यांच्या टेबलावर पेल्यात पिवळाधमक तुरा. परवा मीच गुपचूप ठेवलेला. (बापाचाच. सगळ्यात देखणा तोच.) पाण्यात त्याच्या कळ्या उमलत होत्या.

"कोणी ठेवला देव जाणे, पण वाचवलं त्याने," मॅडम म्हणाल्या.

मी छाती काढून म्हणालो, "मी!"

"म्हणजे बापाचा तुरा तोडणाराही तूच?"

मग मुकाट्याने आईच्या कळ्या सोलल्या. आज पराग लावायचे. बी धरलं तर माझी नोकरी राहील.

तुझा लाडका,
भडकू

ता. क. बाबांना यातलं अक्षर सांगू नकोस.

ता. क. पुन्हा : सांगच. पुढच्या हंगामात मॅडमना मदतनीस हवाय, पण कॉलेज पुरं केलेला. "मेलो तरी परत जाणार नाही" असं मी बाबांना ओरडून सांगितलंय, तेव्हा मला विचारता येत नाही. तू अशी कळ फिरव की त्यांनीच मला हुकूम सोडावा. मी थोडा वेळ नाही-नाही म्हणेन.

शेवटचं : मॅडम हाक मारतायत, "तुरेचोर, चल लवकर!" उमललेली फुलं डबीत घेतलीत, बाकी तुरा आतच ठेवलाय, वारा शिरला तर पराग झडतील. म्हणून निघताना दार लावून घेतोय. घरून निघताना आपटलं होतं तसं नाही; अगदी हळू.